सहा सेकंद कोणाचे

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत तीन डॉक्टर, दोन वकील आणि एक निवृत्त मुख्य अभियंता राहतात. त्यांच्या दारावरच्या पाट्या वाचल्या की ते काय करतात ते कळतं. माझ्या दारावर नुसतं नाव आहे. फुकट वाटलेल्या वस्तूवर माझं घर बरीच वर्षं चाललं, हे पाटीवर कसं लिहायचं ते मला कधी सुचलं नाही.

नोकरी मी बावीस वर्षं केली, एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी जात होतो, दुसऱ्यांच्या पगाराचे हिशेब करणारे प्रोग्राम दुरुस्त करत होतो, संध्याकाळी परत येत होतो. संपादकांनी कामाचे अनुभव मागितले आहेत, आणि अनुभव म्हणावं असं जे काही झालं ते रविवारी झालं.

सुरुवात लकडगंजातल्या एका धर्मकाट्यावर झाली. ज्यांनी धर्मकाटा पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ट्रक उभा राहील एवढा लोखंडी पाटा जमिनीत बसवलेला असतो. शेजारी एक खोली, खोलीत एक डबा, डब्यावर लाल आकडे. ट्रक पाट्यावर चढला की आकडे हलतात आणि थोड्या वेळाने थांबतात. थांबले की ते वजन. डब्यातून एक वायर कॉम्प्युटरला जाते आणि चिठ्ठी छापली जाते. निदान जायला हवी. माझ्या ओळखीच्या एका लोखंड व्यापारी शेठजींच्या काट्यावर ती वायर नुसतीच लोंबत होती, कारण प्रत्येक कंपनीचा डबा आपापल्या भाषेत बोलतो आणि शेठजींच्या कॉम्प्युटरला त्यातली एकही येत नव्हती. ऑपरेटर आकडा डोळ्यांनी वाचून हाताने टाईप करायचा, आणि दिवसातून एकदा तरी बारा टनांचे एकवीस टन व्हायचे.

मी तीन रविवार बसून त्या डब्याचं बोलणं ऐकणारा एक लहान प्रोग्राम लिहिला. मग शेठजींच्या व्याह्यांचा डबा वेगळा निघाला. मग आणखी कोणाचा. दोन वर्षांत माझ्या प्रोग्रामला तीसेक प्रकारच्या डब्यांची भाषा यायला लागली. तो मी कोडसकट इंटरनेटवर उघडा ठेवून दिला. लोक याला औदार्य म्हणतात. खरं कारण असं, की विकला असता तर गिऱ्हाईक रात्री-बेरात्री फोन करायला मोकळं झालं असतं. फुकट घेणाऱ्याला तो हक्क नसतो.

उघडा ठेवला म्हणजे बेवारस सोडला असं नाही. सोबत एक परवाना होता. त्याचा मतलब एवढाच: घ्या, वापरा, हवा तसा बदला, पण आपल्या मालात घालून तो माल दुसऱ्याला दिलात, तर तुमचा कोडही असाच उघडा ठेवा. ज्यांना आपला कोड उघडा ठेवायचा नसेल त्यांनी माझ्याकडून वेगळा परवाना विकत घ्यावा. या व्यवसायात ही जुनी पद्धत आहे, मी काही शोधून काढलेली नाही. शेठजींना मात्र ती समजावून सांगायला एक अख्खी दुपार लागली.

"मंजे फोकट बी हाय अन् विकत बी हाय?"

"हो."

"एकच माल?"

"एकच."

"मग विकत घेनारा पागल हाय का?"

"नाही, शेठजी. त्याला आतलं कोणाला दाखवायचं नसतं. त्याचे तो पैसे देतो."

शेठजींनी पानाची पिचकारी खिडकीबाहेर टाकली आणि आता कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या वायरकडे पाहिलं. "अस्सं. मंजे तुम्ही माल नाही विकून राहिले. पडदा विकून राहिले."

मी हसलो. त्या वेळी ते मला विनोदाचं वाटलं होतं.

पहिला पडदा एका परदेशी मासळीवाल्याने घेतला. गोठवलेल्या माशांचं वजन तुमचा प्रोग्राम बरोबर घेतो का, असं त्यांनी विचारलं. मी कळवलं, की मी नागपूरचा असल्यामुळे त्या माशांशी परिचय नाही, पण आकडा हा आकडाच असतो. माझा परवाना अर्ध्या पानाचा होता. त्यावर त्यांच्या वकिलाने अकरा पानांच्या शंका पाठवल्या. दुसरं गिऱ्हाईक याहून साधं. त्यांना उघड्या कोडाची काहीच अडचण नव्हती. त्यांच्या खरेदी विभागाचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे फुकट आलेली वस्तू आत घ्यायची पद्धतच नाही. काहीतरी किंमत लावा." मी लावली. तिसऱ्याने किमतीत घासाघीस केली, आणि मी कमी केल्यावर संशय येऊन घेतलाच नाही.

मधे एकदा माझा सत्कारही झाला. शाल, श्रीफळ, आणि तराजूच्या आकाराचं स्मृतिचिन्ह. प्रमुख पाहुण्यांनी माझ्यामुळे क्रांती झाली असं सांगितलं. कशात झाली ते त्यांच्या चिठ्ठीवर नसावं. घरी आल्यावर मंदाने, माझ्या बायकोने, त्या तराजूची पारडी हलवून पाहिली. दोन्ही डिंकाने चिकटवलेली होती. ती शाळेत गणित शिकवायची. "वजन कायमचं सारखं," एवढंच म्हणून तिने तो माळ्यावर ठेवला. पुढे मी नोकरी सोडली. परवान्यांवर आणि तिच्या पगारावर आमचं नीट चाललं होतं.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उघड्या प्रोग्रामला जगभरातले अनोळखी लोक दुरुस्त्या पाठवतात. त्या तुम्ही घेता. पण पाठवणाऱ्याने लिहिलेला भाग त्याच्याच मालकीचा असतो. त्याने तो उघड्या परवान्याखाली दिलेला असतो. बंद परवान्याखाली विकायची मुभा त्यात येत नाही. ती हवी असेल तर त्याच्याकडून एका कागदावर सही घ्यावी लागते: मी दिलेला भाग तुम्ही कोणालाही, कोणत्याही परवान्याखाली देऊ शकता. माझ्याकडे असे कागद होते. पोलंडमधल्या एका विद्यार्थ्याने दोन ओळी दुरुस्त केल्या होत्या. त्याचीही सही फायलीत होती. या बाबतीत मी फार काटेकोर आहे असं मला वाटायचं.

सुखदेवरावांचं पहिलं पत्र मराठीत आलं. "आपला प्रोग्राम चांगला आहे. पण तो घाई करतो, आणि त्याची चूक नेहमी एकाच बाजूला पडते. एकदा येऊन पाहावे." खाली नाव आणि नरखेड तालुक्यातल्या एका गावाचा पत्ता.

मला राग आला. रागानेच गेलो. एसटीतून उतरलो तेव्हा ते मोटरसायकल घेऊन उभे होते. पस्तिशीचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात टेस्टर. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले. घरची संत्र्याची बाग, थोडा कापूस, आणि हंगामात जवळच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, धर्मकाट्यावर ऑपरेटरचं काम. तिथे माझा प्रोग्राम चालत होता. त्यांनी मला खोलीत स्टुलावर बसवलं आणि कापसाची ट्रॉली चढायची वाट पाहायला लावली.

"आता आकड्याकडं पाहा, साहेब."

ट्रॉली चढली. लाल आकडे भराभर वाढले, मग हळू झाले, आणि माझ्या प्रोग्रामने टक्कन वजन धरलं. चिठ्ठी निघाली. डब्यावरचा आकडा मात्र अजून सावकाश वर सरकत होता. चिठ्ठीपेक्षा अकरा किलो वर जाऊन तो थांबला.

"डबा सरासरी काढून राहिला ना जी," ते म्हणाले. "गाडी हालते, मनून थो आकडा खालून वर चढवते. वरून खाली कधी येत नाई. तुमचा प्रोग्राम मधातच धरते. भरल्या गाडीचं दहा-अकरा किलो कमी, रिकाम्या गाडीचं दोन-तीन किलो कमी. बाकीचा कापूस कोनाचा गेला?"

उत्तर बाहेर ट्रॉलीजवळ उभं होतं: कापूस घेऊन आलेला शेतकरी, चिठ्ठी खिशात घालत. नव्या डब्यांना 'मी थांबलो' असा इशारा देता येतो. जुन्यांना येत नाही. ते आकडे ओतत राहतात आणि थांबले कधी ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. मी ते ऑफिसातल्या टेबलावर, हाताने दाबलेल्या लहान काट्यावर ठरवलं होतं. दीड सेकंद मला पुष्कळ वाटला होता. वजनमापे खात्याचा शिक्का काट्याच्या लोखंडावर असतो. घाईवर तो मारता येत नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या घरी जेवलो. पातोडीचा रस्सा, भाकरी. महिन्याभराने त्यांनी स्वतः लिहिलेला भाग पाठवला, सव्वाशे-दीडशे ओळींचा. आकडा सहा सेकंद जागचा हलला नाही तरच वजन धरायचं, मधे हलला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि धरण्याआधी वायरवरून उलट हुकूम देऊन डब्यावरचा आकडा दोनदा विझवायचा. मला ते दोनदा विझणं निरर्थक वाटलं. मी पुन्हा गेलो तेव्हा विचारलं, हे कशासाठी?

"मानूस कापसाकडं पाहून राहते, डब्याकडं नाई पाहत. दोनदा विझलं का मान वर करते. डोये मिचकावल्यावानी. मंग वजन धरताना थो पाहीन तरी."

मग त्यांनी एक विचारलं. "हे उघडं राहीन ना, साहेब? कोनीबी पाहू शकन, असं?"

"राहील," मी म्हणालो.

सहीचा कागद त्या दिवशी माझ्या पिशवीत होता. छापून नेला होता. जेवणं झाली, त्यांच्या आईने संत्र्यांची पिशवी बांधून दिली, आणि ओसरीवर बसल्या बसल्या मी पिशवीच्या बंदाशी दोनदा हात नेला. ज्याच्या घरचं जेवलो त्याच्यापुढे कागद धरून 'इथे सही करा' म्हणायचं मला जमलं नाही. त्या भागात कागदावर सही म्हणजे शेताचा फेरफार किंवा वाटणी. माणसाचा चेहराच बदलतो. पोलंडच्या मुलाच्या घरी मी जेवलो नव्हतो, म्हणून त्याच्याकडून मागता आली. हे एक कारण. दुसरं कारण कमी चांगलं आहे. मनातून मी त्यांच्या कामाला 'सूचना' समजत होतो. धरमपेठेतल्या माणसाने लिहिला तो प्रोग्राम, आणि काट्यावरच्या ऑपरेटरने सांगितली ती सूचना. आभाराच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं, आणि मला वाटलं फिटलं.

गावात मात्र ते फार मोठं झालं. जिनिंगवरचा आकडा दोनदा विझायला लागला आणि सुखदेवरावांनी सगळ्यांना सांगितलं, आकडा दोनदा विझला की वजन खरं समजा. लोक त्याला सुखदेवचा काटा म्हणू लागले. हे मला नंतर कळलं.

वर्षा-दोन वर्षांनी वजनकाटे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने माझ्याकडे बंद परवाना मागितला. त्यांना माझा प्रोग्राम आपल्या नव्या काट्यांत घालायचा होता. आजवरचे सगळे परवाने एकत्र केले तरी हा एकटा त्याहून मोठा होता. करारात एक कलम होतं: सर्व कोड माझा स्वतःचा आहे, किंवा इतरांनी तो मला लेखी दिलेला आहे. कंपनीच्या कायदा विभागातल्या एका तरुण बाईंचा फोन आला.

"सर, सगळ्या काँट्रिब्यूटर्सच्या सह्या आहेत ना तुमच्याकडे?"

फाईल टेबलावरच होती. त्यात एक कागद नव्हता आणि कोणाचा ते मला माहीत होतं.

"आहेत," मी म्हणालो.

पुढची चार वर्षं ते पैसे येत राहिले. त्या काळात मला झोप लागत नसे असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. झोप चांगली लागत होती. उघडा प्रोग्राम उघडाच होता, कोणीही पाहू शकत होतं. मी दिलेला शब्द अक्षरशः पाळला होता. असा शब्द अक्षरशः पाळता येतो याचं मला थोडं कौतुकही होतं.

गेल्या कापसाच्या हंगामात एका सकाळी सुखदेवराव दारात उभे राहिले. न कळवता. एरवी संत्र्यांची पिशवी असायची, या वेळी हातात फक्त फोन होता. मंदाने पाणी आणलं. त्यांनी पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"एक व्हिडिओ दाखवाचा हाय, साहेब."

त्यांच्या गावाजवळ दुसरं जिनिंग निघालं होतं. नवा काटा, नवा डबा. व्हिडिओत ट्रॉली चढली, आकडे चढू लागले, आणि दोन सेकंदांत डब्यावरचा आकडा दोनदा विझला. वजन धरलं. चिठ्ठी.

"हे माह्यं हाय का?"

मी पुन्हा पाहिलं. विझण्याचा वेळ, दोन विझण्यांमधलं अंतर, सगळं तेच. फक्त सहाच्या जागी दोन.

"तुमचंच आहे."

"मंग दोन सेकंद कोनं केले?"

ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर समजलं, की कंपनीने तो वेळ बदलता येईल असा ठेवला होता आणि काटा बसवणारा विक्रेता मालकाच्या सोयीने तो कमी-जास्त करत होता. रांग लवकर हलावी म्हणून. कोणी कट केला नव्हता. घाई होती, आणि घाईची चूक नेहमी एकाच बाजूला पडते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला ते माहीत होतं तो माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"गावाले मीच सांगतलं," ते म्हणाले. "दोनदा विझलं का समजा खरं. लोकायनं डोये झाकून इश्वास ठेवला. मंग एकानं तेच वजन आमच्या जुन्या काट्यावर घेतलं, तं आठ किलोचा फरक. आता लोक मनून राहिले, सुखदेवनं कंपनीकडून पैसे घेतले. माह्या चुलत्यानं माह्यासंगं बोलनं सोडलं. मी मनलं, थांबा, कोड उघडा हाय, आत काय हाय थे दाखवतो. गेलो तं कुलूप. कंपनी मनते, दाखवता येत नाई." त्यांनी फोन खिशात घातला. "हे कुलूप कोनं लावलं, साहेब?"

मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी परवान्याच्या दोन प्रकारांबद्दल बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर माझं मलाच ऐकवेना.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. राग दिसला नाही. गणित सुटल्यावर माणूस हलवतो तशी हलवली.

मग मी ते केलं ज्याची मला अजून लाज वाटते. त्या परवान्यातला काही हिस्सा त्यांना द्यायची तयारी दाखवली. आकडाही बोललो.

"त्याच्यासाठी मी आलो नाई, साहेब. थे घेतलं तं लोक मनतात थेच खरं होईन ना."

"मग मी काय करू?"

"गावात या. मी सांगून पाह्यलं, कोनी आयकत नाई. तुमी सांगा."

मंदा त्यांना जेवून जा म्हणाली. बस हाय, असं सांगून ते निघाले. ते गेल्यावर ती टेबलावरचा भरलेला पेला उचलून आत नेताना म्हणाली, "अहो, त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही."

आधी मी कंपनीला फोन केला. त्याच बाई होत्या, आता वरच्या पदावर. एक सही माझ्याकडे कधीच नव्हती आणि नेमका तोच भाग मी तुम्हाला विकला, असं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "सर, फोनवर सांगितलंत. आता हे मला लेखी घ्यावं लागेल." मी लेखी दिलं. कंपनीने परवाना रद्द केला, त्या वर्षाचं शुल्क परत घेतलं, तो भाग आपल्या काट्यांतून काढून स्वतःचा घातला, आणि त्या जिनिंगवर माणूस पाठवून दोन सेकंदांचे सहा करून घेतले. यापेक्षा पुष्कळ वाईट वागायची त्यांना मुभा होती. त्यांनी ती वापरली नाही.

मग गावात गेलो. नव्या जिनिंगच्या आवारात वीसेक माणसं असतील, ट्रॉल्यांच्या सावलीत बसलेली. कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मी उभा राहिलो. सुखदेवरावांनी ओळख करून दिली, "हे थे साहेब," आणि बाजूला जाऊन चाकाला टेकले.

मी सांगायला लागलो. उघडा परवाना, बंद परवाना, मालकी, मुभा. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट वकिलांना सांगितली आहे, खरेदी विभागांना सांगितली आहे, शेठजींना सांगितली आहे. इथे कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी हात वर केला. टोपी, पांढऱ्या मिशा. सुखदेवरावांचे चुलते.

"थांबा जी. लय लांबलं. ह्यानं तुमाले थे फुकट देल्लं?"

"हो."

"अन् तुमी इकलं."

"हो."

"ह्याले इचारलं व्हतं?"

"नाही."

"कंपनीचा पैसा ह्याले भेटला का?"

"एक रुपया नाही. मी देऊ केला तोही याने घेतला नाही."

"मंग दोन सेकंदाचं ह्याले मालूम नव्हतं."

"नव्हतं. मलाही नव्हतं. पण कुलूप मी लावलं होतं, म्हणून ते याला तुम्हाला उघडून दाखवता आलं नाही."

म्हातारे आणखी काही विचारतील असं वाटलं. त्यांना माझ्यात आणखी काही स्वारस्य उरलं नव्हतं. ते पुतण्याकडे वळले.

"काहून गा सुखदेव, हे पहिलेच काहून नाई सांगतलं?"

"तीनदा सांगतलं, काका. तुमी बोलतच नव्हते तं आयकान कसं?"

दोघं-तिघं हसले. म्हातारे उठले, धोतर झटकलं. "चाल, घरी चाल. तुही काकू रोज इचारून राहिली." आणि ते दोघे माझ्यापुढून निघून गेले. कापूस मोजायचं काम पुन्हा सुरू झालं. खुर्ची कोणीतरी उचलून आत नेली.

तासाभराने सुखदेवराव मला बसथांब्यावर सोडायला आले. सहीचा कागद या वेळी मी पिशवीतून काढला. बाकीचे परवाने अजून चालू होते आणि त्या प्रत्येकात त्यांचा भाग होता. सही मिळाली तर सगळं रीतसर झालं असतं. मोटरसायकलला टेकून त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"याच्यात असं हाय, की तुमी माह्यं काम कोनालेबी, कसंबी देऊ शकता."

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली आणि मला परत दिली. "मी सही नाई करत, साहेब. वापरा. उघडं हाय तोवर वापरा."

"मग मला बाकीचेही परवाने थांबवावे लागतील."

"थे तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. बस आली.

मी परवाने थांबवले. तूर्त थांबवले, असं सगळ्यांना कळवलं, आणि तो 'तूर्त' मी विचार करून घातला होता. शेजारच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, कल्पना कोणाच्या मालकीची नसते, लिहिलेलं असतं. तोच भाग तुम्ही स्वतः नव्याने लिहा आणि खुशाल विका. कायद्याने ते बरोबर होतं. मी लिहिलाही. दोन रविवार लागले. माझे सहा सेकंद त्यांच्या सहा सेकंदांइतकेच चांगले चालले. तो भाग कॉम्प्युटरमध्ये वेगळा ठेवला आणि महिनेच्या महिने तो तिथे राहिला. मी रोज त्याच्या बाजूने जात होतो. विकायला निघालो असतो तर मला कोणी अडवलं नसतं, सुखदेवरावांनी तर मुळीच नाही.

उन्हाळ्यात त्यांच्याकडून एक दुरुस्ती आली. सोबत पत्र नाही, नमस्कार नाही, फक्त कामाचं वर्णन: मे महिन्यातल्या वाऱ्याने रिकामा पाटा हलतो आणि प्रोग्राम शून्य धरत नाही, ते बरोबर केलं आहे. मी चाचण्या चालवल्या. काम स्वच्छ होतं. जुन्या भागातही त्यांनी हात घातला होता आणि माझ्या दोन चुका न बोलता काढल्या होत्या. पण प्रत्येक फायलीच्या माथ्यावर, जिथे आजवर माझ्या एकट्याचं नाव होतं, तिथे त्याखाली सुखदेवरावांच्या नावासह एक नवी ओळ होती: हे लिखाण यांच्या मालकीचं, फक्त उघड्या परवान्याखाली दिलेलं.

ही ओळ काय करते ते आमच्या व्यवसायात सगळ्यांना कळतं. तिच्यासकट दुरुस्ती घेतली की प्रोग्रामभर दोघांचं काम मिसळणार. मग वेगळा ठेवलेला माझा भागही उपयोगाचा नाही. घेतली नाही, तर रिकाम्या काट्याचं शून्य चुकत राहणार, आणि त्याची चूक कोणत्या बाजूला पडते ते मला आता शिकवायची गरज नव्हती.

मी मंदाला हाक मारली. पडद्यावर दुरुस्ती आत घ्यायचं हिरवं बटण होतं, ते दाबलं की काय होतं ते तिला सांगितलं. यापुढे यातून काही मिळणार नाही. पुढे कधी मनात आलं तरी मिळणार नाही. आता तिचं निवृत्तिवेतन आणि माझी शिल्लक, एवढंच.

तिने चष्मा लावला आणि वाकून ती ओळ वाचली.

"पूर्ण नाव लिहिलंय," ती म्हणाली. "वडिलांच्या नावासकट."

"हो."

"दाबा मग."

मी दाबलं.